छपरावर माती घालण्याआधी

शेफील्ड, इंग्लंड,
४ जून

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

पंपाच्या खोपीचे पत्रे दुपारी हात लावू देत नाहीत, आत मोटर तापते, आणि माझ्या शेडचा फोटो बघून तूही पत्र्यावर माती घालून झाडं लावणार आहेस, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. पत्र टपालात टाकीनच, पण त्याचे फोटो काढून आजच तुला फोनवर पाठवतो. टपालाने पोचेपर्यंत मृग लागून गेलेला असेल. बाळू, पत्र्यावर माती घालू नकोस. का, ते सगळं सांगतो. आधी इथलं थोडं ऐक, कारण त्यातूनच ते कळेल.

रात्रीचे साडेआठ वाजलेत आणि मी मागच्या पायरीवर उन्हात बसलोय. सूर्य मावळायला अजून तासभर आहे. मे संपता संपता इथे परसाला जी घाई सुटते, ती आपल्याकडे फक्त पहिल्या पावसानंतर दिसते. कुंपणापाशी फॉक्सग्लव्ह माझ्या खांद्याएवढे झालेत. एकेका दांड्यावर जांभळी लांबट फुलं टांगलेली असतात, ती खालून वर उमलत जातात, आणि आत गळ्याशी गडद ठिपके. भुंगा खालच्या फुलात शिरतो, तो अख्खा दिसेनासा होतो, फूल गुणगुणतं, मग पाठमोरा बाहेर येऊन वरच्या फुलात जातो. काकू हृदयासाठी जी डिगॉक्सिनची गोळी घेतात, ती याच्याच लोकरी पानांच्या बहिणीपासून काढतात. त्यांना सांग, त्यांच्या औषधाचं नातलग माझ्या दारात फुललंय. झाड पक्कं विषारी आहे, त्यामुळे शेजारची लहान मुलं आली की माझा डोळा तिकडेच असतो.

त्याच्या पायाशी जिरेनियमची निळी गादी, मध्येच ॲलियमचे जांभळे गोल (कांद्याचीच जात, आपल्या कांद्याला फूल येतं तसंच, पण लिंबाएवढं नाही, मोसंब्याहून मोठं), आणि एका कोपऱ्यात पिओनी. पिओनीच्या कळ्यांवर मुंग्या फिरतात, कळीतून पाझरणारा गोडवा चाटायला. दोन दिवस पाऊस लागला की हे जड फूल भिजून जमिनीला टेकतं, म्हणून मी आधीच काठ्या लावल्या. मागच्या आठवड्यात शरदात फुलणाऱ्या उंच झाडांचे शेंडे अर्ध्यावर छाटले. लंडनला मेच्या शेवटी चेल्सीचं फुलांचं प्रदर्शन भरतं, त्याच सुमाराला हे करायचं म्हणून या छाटणीला इथले लोक चेल्सीचंच नाव देतात. छाटलेलं झाड उशिरा फुलतं, पण बुटकं, भरगच्च होतं आणि वाऱ्याने पडत नाही.

आता शेड. आठ बाय सहा फुटांची लाकडी खोली, फावडी-कुदळी ठेवायची. पहिल्या वर्षी मी तेच केलं जे तू करायला निघालायस. होतं त्याच छपरावर प्लास्टिक अंथरलं, वर बागेतली चांगली काळी माती, त्यात भरपूर कंपोस्ट. मला वाटलं, झाडांना जितकं खायला देऊ तितकं बरं. उन्हाळ्यात गवत कमरेएवढं वाढलं. मी लावलेली बारकी झाडं त्याखाली गुदमरून कुजली. ऑक्टोबरात आठवडाभर झड लागली, माती पाणी पिऊन फुगली, वासे वाकले आणि एका सकाळी दरवाजा उघडेना. पाच वर्षं राबून जमवलेली हत्यारं आत अडकली होती. छप्पर उतरवताना मला फार वाईट वाटलं होतं, ते तुला तेव्हा लिहिलं नाही.

दुसऱ्यांदा मी आधी वजनाचा हिशेब केला. भिजलेला तीन इंची थर एका चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास जातो. माझं छप्पर साधारण साडेचार चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ अर्धा टन डोक्यावर, बारा महिने. म्हणून चार कोपऱ्यांना चार इंची खांब थेट जमिनीत उतरवले, वासे दुप्पट केले, वर जाड प्लायवूड, त्यावर सांधा नसलेली एकच रबरी चादर. फुटाला इंचभर उतार. कडेने गोट्यांची पट्टी, पाणी अडू नये म्हणून. आणि मातीऐवजी विटांचा चुरा. दहात आठ-नऊ भाग विटा आणि फुटकी कौलं कुटून केलेली खडी, बाकी कंपोस्ट. भाजलेली माती आपल्या छिद्रांत पाणी धरते आणि जास्तीचं सोडून देते. तुझ्या परसात आजोबांच्या वेळची मंगलोरी कौलं फुटून पडलीयेत ना, ती टाकू नकोस.

बाळू, छपरावरची झाडं उपाशी ठेवली तरच फुलतात. माती हलकी आणि निकस असली की गवताला तिथे जोर धरता येत नाही, आणि ज्यांना थोडक्यात भागवायची सवय आहे त्यांना जागा मिळते. आज माझ्या छपरावर जाड पानांच्या बुटक्या सेडमचा पांढरा आणि पिवळा सडा पडायला सुरुवात झालीय, चाइव्ह या बारीक पातीच्या कांद्याची जांभळी बोंडं आलीत, समुद्रकड्यांवर वाढणाऱ्या थ्रिफ्टची गुलाबी फुलं आहेत, आणि एका कडेला सेंपरविवमचे जाड पानांचे गुच्छ. या शेवटच्याचं लॅटिन नावच ‘छपरावरचं’ असं आहे. बाराशे वर्षांपूर्वी युरोपातल्या शार्लमेन राजाच्या जहागिरींसाठी जो हुकूम निघाला, त्यात माळ्याने आपल्या घरावर ‘ज्युपिटरची दाढी’ लावावी असं लिहिलंय, ती हीच. ज्युपिटर हा रोमनांचा विजेचा देव; ही लावली की घरावर वीज पडत नाही अशी समजूत होती.

सेडम आणि आपली पानफुटी एकाच कुळातली. पाणी तुटलं की दोघंही दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात, असलेलं पाणी उडू नये म्हणून. रात्री गारव्यात उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आंबटाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उन्हात वापरतात. हे जिभेला कळलं ते आपल्याच देशात. मद्रासकडे काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडू. त्याने ते पत्रात लिहिलं, १८१५ साली लंडनला ते छापलं गेलं. मला हे वाचल्यापासून तुझ्या विहिरीच्या काठावरची पानफुटी सारखी आठवते.

पण सेडम तुझ्याकडे आणायचा विचारही करू नकोस. इथे वर्षभरात मिळून आठशे-साडेआठशे मिलिमीटर पाऊस, तोही रिमझिम. तुझ्याकडे चार महिन्यांत ३००० च्या वर. महिनाभरात कुजून जाईल. आणि पत्र्यावर ओली माती म्हणजे दोन पावसाळ्यांत गंज, मग एक दिवस सगळं मोटरीवर.

खोपीसाठी तुझ्या आजीची रीत धर. गोठ्याच्या छपरावर ती भोपळा चढवायची. वेल जमिनीत, पाणी जमिनीत, छपरावर नुसती सावली. पत्र्याच्या वर हातभर अंतर सोडून बांबूचा मांडव घाल, म्हणजे मधून वारा खेळेल. मृगात दुधी, पडवळ, दोडका लाव. उन्हाळ्यात वेल नसेल तेव्हा त्याच मांडवावर झावळ्या टाक. वजन नाही, गंज नाही, आणि वहिनींना भाजी.

माझ्यासारखं छप्पर हवंच असेल, तर पाण्याच्या टाकीचा स्लॅब आहे ना, तिथे कर. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला १९१४ साली पाणी गाळायच्या केंद्राच्या काँक्रीटच्या छपरावर शेजारच्या कुरणातली माती पसरली होती, खालचं पाणी गार राहावं एवढ्याच हेतूने. पुढे आजूबाजूची कुरणं गेली, छपरावरचं मात्र राहिलं, आणि आज तिथे ऑर्किडच्या नऊ जाती फुलतात. तुझी टाकी पावसाचा भार घेईल का, हे आधी बांधकाम जाणणाऱ्याला दाखव. हे मोघम ठेवू नकोस. मग कौलांचा चुरा तीन इंच, कडेने निचरा मोकळा, आणि लावायचं काहीच नाही. तुझा सडा, तो कातळाचा माळ, शंभर पावलांवर आहे. बी वाऱ्याने येईल.

सड्यावरचं काही उपटून मात्र आणू नकोस. दीपकाडीची पांढरी फुलं पहिल्या पावसात वर येतात, ती आपल्या कोकण किनाऱ्याच्या कातळांशिवाय फारशी कुठे मिळत नाहीत. सीतेची आसवं तर इतक्या निकस जागेत राहतात की पोटासाठी पाण्यातले बारीक जीव पकडतात. त्यांना कातळावरचं ते वीतभर ओलं लागतं, आपल्या टाकीवर ती जगायची नाहीत. लहानपणी आपण ओंजळी भरभरून तोडायचो, ते आठवलं की आता मला चुटपूट लागते. तेरडा आणि सोनकी चालतील, पण त्यांचंही बी तेवढं झाडून आण.

उजेड आता कमी झालाय, छपरावरचं पांढरं तेवढं दिसतंय. आत जातो. ही जेवायला हाक मारतेय.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आणि एक काम कर. उद्या उजाडताच पानफुटीचं पान तोड, बारीकसा तुकडा दाताखाली धरून चव घे आणि थुंकून टाक, गिळू नकोस. तसंच दुपारी तीन वाजता दुसऱ्या पानाचं कर. गुरांच्या तोंडी ते लागू देऊ नकोस, त्यांना बाधतं. चव कशी लागली ते कळव.

तुझा,
बंडू