चिपळूणवर पैसा लावा, पण आधी नदीवर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा पुण्याहून आलेला आमचा एक नातेवाईक जेवताना सहज बोलून गेला, दर काही वर्षांनी बुडणाऱ्या गावावर सरकारनं पैसा ओतायचाच कशाला, उचला आणि दुसरीकडे वसवा. तेव्हा पाहुणा म्हणून गप्प बसलो पण रात्रभर झोप नाही लागली, म्हणून हे लिहितोय.

आमचं कपड्याचं दुकान बाजारपेठेत. २६ जुलै २००५ ला बुडालं, २२ जुलै २०२१ ला परत बुडालं, आणि दुसऱ्या वेळी तर लॉकडाऊननंतर उधारीवर भरलेला माल होता, आई आणि मी आठ दिवस साड्या धुवून वाळत घालत होतो पण त्या चिखलाचे डाग काही गेले नाहीत. लोटिस्मा, म्हणजे आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचनालय, १८६४ पासूनचं, तिथली पुस्तकंसुद्धा दोन्ही वेळा भिजली.

उचला म्हणणाऱ्यांना एवढंच विचारायचंय, कोयनेची वीज तुम्ही वापरता ना? ती बनवून झाली की उरलेलं पाणी, म्हणजे अवजल, कोळकेवाडी धरणावरून आमच्याच वाशिष्ठी नदीत येतं, वर्षाला साधारण ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यात घाटावरचा पाऊस, गावातून शिवनदी, आणि खाली दाभोळ खाडीला भरती असली की पाण्याला जायला वाटच नाही, पात्र गाळानं भरलेलं असेल तर ते बाजारात शिरणारच.

अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्सही २००५ लाच बुडालं, आमच्यानंतर महिन्याभरानं, कतरिना वादळात. निम्मं शहर समुद्रसपाटीच्या खाली, तिथंही पैसा का घालायचा हा वाद झालाच, तरी त्यांनी साधारण १४.५ अब्ज डॉलर घालून बांध, दरवाजे, पंप नव्यानं केले आणि २९ ऑगस्ट २०२१ ला आयडा वादळ आलं तेव्हा ते बांध टिकले. त्याच्या महिनाभर आधी आम्ही दुसऱ्यांदा बुडालो होतो. सोळा वर्षं त्यांना मिळाली तशीच आम्हालाही मिळाली होती!

म्हणून पैसा लावा, पण रस्ते आणि सुशोभीकरणाच्या आधी नदीवर लावा. २०२१ च्या पुरानंतर लोक साखळी उपोषणाला बसले तेव्हा कुठं गाळाचं काम हललं, आणि गाळ एकदा काढून भागत नाही, दरवर्षी काढावा लागतो, काठावर ढीग ठेवला तर पहिल्या पावसात परत पात्रात. त्यासाठी बजेटमध्ये कायमची तरतूद हवी. आणि बाजारातल्या काहींना राग येईल पण बोलतोच, नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत नवीन भराव आणि नवीन बिल्डिंग नको, माझी स्वतःची जागा आत असली तरी. ज्याला हलायचंय त्याला चिपळुणातच उंचावर जागा द्या, गिऱ्हाईक तुटेल इतक्या लांब नको.

वाशिष्ठी आणि शिवनदीचा गाळ यंदा कुठून कुठपर्यंत आणि कोणत्या तारखेला काढणार ते प्रशासनानं मार्चच्या आत जाहीर करावं, मृगाला मग फार दिवस उरत नाहीत.

आपला,
एक दुकानदार, चिपळूण