कमांडर झालेल्या मित्रास पत्र

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

कमांडर, म्हणजे विमानाचा मुख्य वैमानिक, झाल्याचे तुझे पत्र आईला वाचून दाखवताना माझा आवाज भरून आला. मात्र उड्डाणानंतर थोड्याच वेळात ऑटोपायलट लावला की धावपट्टी समोर येईपर्यंत हाताला काम नसते, असे तू त्यात सहज लिहिले आहेस. ते वाक्य काही केल्या मनातून जाईना.

रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकवर ३५,००० फुटांवर असताना वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फाचे स्फटिक साचले आणि ऑटोपायलट सुटला. इंजिने चालू होती. नाक आणि शक्ती होती तशी धरून ठेवली असती, तरी विमान उडत राहिले असते. पण वैमानिकाने साइडस्टिक, म्हणजे विमान वळवण्याची दांडी, मागे ओढली, विमान सुमारे ३८,००० फुटांपर्यंत चढून स्टॉल झाले, म्हणजे पंखांची उचल गेली, आणि ऑटोपायलट सुटल्यापासून चार मिनिटे तेवीस सेकंदांत २२८ माणसे समुद्रात गेली. पडताना वेग इतका कमी दिसत होता की स्टॉलचा इशाराच बंद पडे आणि नाक जरा खाली घेतले, म्हणजे योग्य तेच केले, की पुन्हा वाजू लागे. त्या अंधारात त्या माणसांनी कशावर विश्वास ठेवायचा होता? त्या उंचीवर विमान हाताने सांभाळण्याचे प्रशिक्षण दोन्ही सहवैमानिकांना मिळालेले नव्हते, असे फ्रेंच चौकशीच्या २०१२ च्या अहवालात नमूद आहे. म्हणून सगळा दोष त्यांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. २९,००० फुटांच्या वर उंची राखण्याचे काम नियमानेच ऑटोपायलटकडे असते, मग तिथला हात बसणार कुठे?

जुलै २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला तर स्वच्छ दिवस होता. उतरण्याचा योग्य उतार दाखवणारी धावपट्टीची ग्लाइडस्लोप यंत्रणा बंद होती, इंजिनांची शक्ती आपोआप कमीजास्त करणारा ऑटोथ्रॉटल वेग सांभाळत आहे या समजुतीत एशियाना विमानकंपनीच्या बोइंग ७७७ चा वेग घटत गेला आणि विमान धावपट्टीअलीकडच्या बांधावर आदळले, तिघे दगावले.

ऑटोपायलट तुझ्याइतका थकत नाही, हे मला मान्य आहे, आणि गर्दीच्या आकाशात तो हवाच. पण कंपनीचे नियम मुभा देतील तेव्हा, आकाश निरभ्र असताना आणि शेजारचा सहवैमानिक ताजातवाना असताना, ऑटोपायलटबरोबर ऑटोथ्रस्टही (इंजिनांची शक्ती आपोआप राखणारी यंत्रणा) काढून विमान स्वतः खाली आण. पुढच्या खेपेला त्यालाही आणू दे. आणि सिम्युलेटरच्या येत्या फेरीत ३५,००० फुटांवर वेगाचे आकडे बिघडल्याचा सराव मुद्दाम मागून घे. कसा झाला, ते मला सविस्तर कळव.

तुझा,
अनिरुद्ध