पोहताना शुद्ध हरपली तर ईसीजी काढाच

संपादक महोदय,

खेळताना किंवा पोहताना एखादं मूल अचानक बेशुद्ध पडलं की लोक लगेच म्हणतात जेवलं नसेल, नाहीतर फिट आली असेल, आणि विषय तिथंच संपतो. पण ११ व्या क्रोमोसोमवर केसीएनक्यू१ नावाचा जीन असतो, तो हृदयाच्या पेशीतलं पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या चॅनलचं प्रोटीन बनवतो, आणि प्रत्येक ठोक्यानंतर हे पोटॅशियम वेळेत बाहेर गेलं तरच पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते, त्यात बिघाड असला की उशीर होतो, ईसीजीवर क्यूटी अंतर (ठोक्याची विद्युत क्रिया सुरू झाल्यापासून पेशी पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ) लांबलेलं दिसतं. हा लाँग क्यूटी सिंड्रोम या आजाराचा एक प्रकार, यात ठोके अचानक बिघडून मूल बेशुद्ध पडू शकतं, जीवही जाऊ शकतो. हे १९९६ मधेच कळलंय! मग बेशुद्ध पडलेल्या मुलाचा साधा ईसीजी का काढत नाहीत? कधीकधी तो नॉर्मलही येतो, म्हणून घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का हेही डॉक्टरांना सांगायला हवं. आईबाबांपैकी एकाकडे दोष असेल तर प्रत्येक मुलात यायची शक्यता ५० टक्के, त्यामुळे भावंडांचीही तपासणी हवीच. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयावरचा ॲड्रेनलिनचा परिणाम कमी करणाऱ्या गोळ्यांनी या प्रकारात धोका बराच कमी होतो. आपल्या पेपरात यावर हृदयरोगतज्ज्ञांचा सविस्तर लेख यावा ही कळकळीची विनंती.

– एक वाचक