बायकांचं राज्य आणि पहाटेची मॅक्सी

पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदाद

प्रिय मंजू,

"तुमच्याकडे काय बाई, पंतप्रधानच बाई आहे!" मग तिथल्या बायकांना कसला त्रास, असं म्हणून तू फोनवर हसलीस आणि विषय संपवलास. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेय. आज वेळ मिळालाय, तेव्हा ऐक.

तुझं म्हणणं वरवर खोटं नाही. कमला प्रसाद-बिसेसर 2010मध्ये पहिल्यांदा पंतप्रधान झाल्या, 2025मध्ये पुन्हा आल्या. शेजारच्या बेटांवरही तेच. बार्बाडोसमध्ये 2018 साली मिया मॉटली पंतप्रधान झाल्या. डॉमिनिकात तर युजीनिया चार्ल्सबाईंनी 1980 ते 1995 सलग कारभार केला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2015च्या अहवालात जमैका जगात पहिला होता, तिथल्या मॅनेजरांपैकी 59 टक्के बायका! वेस्ट इंडीज विद्यापीठात मुलींचीच गर्दी. त्यामुळे इथे 'बिचारे पुरुष मागे पडले' हे रडगाणं जुनं आहे. एरॉल मिलर या जमैकन प्राध्यापकांनी 1986 सालीच तसं पुस्तक लिहून ठेवलंय. आमच्या ऑफिसातले साहेब अजून तेच ऐकवतात, तेही आम्ही बायकांनी तयार केलेला ताळेबंद हातात धरून.

आता हेच ऑफिस बघ. अकाउंट्समध्ये बायका, एचआरमध्ये बायका, रिसेप्शनवर बायका. बोर्डाची बैठक असली की जेवण मागवणारी बाई, मिनिट्स लिहिणारीही बाई, आणि टेबलाभोवती सगळे सूटवाले बाप्ये. या देशाचा खरा पैसा तेल आणि गॅसमध्ये, तिथल्या जाड पगाराच्या नोकऱ्या बहुतेक पुरुषांच्या. बायकांच्या वाट्याला शाळा, दवाखाने, दुकानं. जमैकातही पदव्या मुलींकडे जास्त आणि बेकारीही बायकांमध्येच जास्त, हा हिशेब मला अजून कुणी नीट समजावून दिलेला नाही.

पण मला खरं लिहायचंय ते शेजारच्या घरी कामाला येणाऱ्या हेल्परबाईंबद्दल. तू मोलकरणींच्या संघटनेत एवढी वर्षं घालवलीस, तुला त्या लगेच कळतील. राहतात अरिमाला. अंधारातच निघतात. लाल पट्ट्याच्या मॅक्सीने (इथली वडाप समज) शहरातल्या सिटी गेट स्थानकापर्यंत, तिथून पिवळ्या पट्ट्याच्या मॅक्सीने आमच्या मारावालला. पिशवीत डबा आणि कामाच्या चपला. फाटकाशी बूट काढून त्या चपला घालतात, बूट पुसून पिशवीत ठेवतात, मग आत जातात. घरची मालकीण बँकेत मोठ्या हुद्द्यावर. तिची दोन मुलं या बाई सांभाळतात, बाईंचा नातू अरिमात बाईंची म्हातारी आई सांभाळते. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय! हे बोलताना मी स्वतःला वेगळं काढत नाही हं. माझ्याही घरी आठवड्यातून दोनदा एक मुलगी येतेच.

आधीच्या घरून बाईंना एका व्हॉट्सॲप मेसेजवर काढलं. 'उद्यापासून येऊ नका.' बस्स. मी म्हटलं, औद्योगिक न्यायालयात जायचं होतं. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मीच घरी येऊन कायदा शोधला. इथला 1972चा औद्योगिक संबंध कायदा घरकाम करणाऱ्यांना कामगारच धरत नाही. म्हणजे युनियन असली तरी तिला बाईंची केस त्या न्यायालयात लढवता येत नाही. किमान वेतन त्यांना लागू आहे, 2024पासून तासाला इथले साडेवीस डॉलर. पण बंगल्याच्या आत तास मोजायला जातंय कोण? बाळंतपणाच्या रजेचा 1998चा कायदाही कागदावर बरा आहे : चौदा आठवडे, त्यात महिनाभर पूर्ण पगार आणि दोन महिने अर्धा. अट मात्र त्याच मालकाकडे वर्षभर सलग काम केल्याची. शिवाय राष्ट्रीय विम्यातून जे मिळायचं, त्यासाठी मालकिणीने आधी नाव नोंदवायला हवं, आपला दोन तृतीयांश हप्ता भरायला हवा. बाईंचं नाव आजवर कुठल्याच घराने नोंदवलं नाही.

क्लॉटिल वॉलकॉट हे नाव तू ऐकलंयस का? कोंबड्या साफ करण्याच्या कारखान्यात राबणारी बाई. तिने घरकामगारांची देशव्यापी युनियन उभी केली आणि घरातल्या बिनपगारी कामाचा हिशेब राष्ट्रीय आकडेवारीत धरा म्हणून पिच्छा पुरवला. 1996मध्ये संसदेने तसा कायदा केलासुद्धा. गंमत बघ, फुकटच्या कामाची मोजदाद करायची म्हणणारा देश मोलाने काम करणारीला कामगार म्हणायला तयार नाही. वॉलकॉटबाई 2007 साली गेल्या, आता त्यांची मुलगी आयडा ल ब्लांक ती युनियन चालवते. शेजारी गयानाने 2013मध्ये आणि जमैकाने 2016मध्ये घरकामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारावर शिक्का मारला. लैंगिक छळाविरुद्धचा कायदाही बार्बाडोसने 2017मध्ये आणि जमैकाने 2021मध्ये केला. हालचाल नाही असं मी म्हणत नाही, पण ती वरून खाली झिरपायला फार वेळ लावतेय.

बाईंना परवा तुमच्या पुण्यातल्या मोलकरणींच्या 1980च्या संपाबद्दल सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "मग त्या दिवशी मालकिणींनी काय केलं?" मला उत्तर येईना. तू तेव्हाच्या बायकांना ओळखतेस, तर ते जरा विचारून कळव. आणि तुमच्या संघटनेचं दरपत्रक असतं ना, भांडी किती, कपडे किती, सुट्ट्या किती, त्याचा फोटो पाठव. मी इंग्रजी करून देईन. बाई येत्या रविवारी अरिमातल्या आणखी चौघीजणींना घेऊन येणार आहेत, त्याआधी हवंय.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

तुझी,
शुभा