शेगडी मध्येच का विझते

कंपाला, रविवार

प्रिय विन्या,

पाच महिने गप्प होतो, शिव्या राखून ठेव. गुडघा तसाच. कोळशाच्या कांड्या बांधायच्या खळीचं आपलं जुनं भांडण इथं परत उभं राहिलंय, म्हणून लिहितोय. दुसऱ्या कुणाला सांगू?

इथली पोरं मटोके केळ्याच्या सालींचा कोळसा पाडतात. कोळशाच्या शेगडीला इथं ‘सिगिरी’च म्हणतात, तात्यांना सांग. अख्खं शहर कोळशावर रांधतं, त्यापायी रानं गेली. २०२३ मध्ये उत्तरेतल्या व्यापारी कोळशावर बंदीसुद्धा आली. सालींचे मात्र बाजारात ढीग.

भट्टी पोरांना जमलीय. साल कडकन मोडेपर्यंत वाळवायची, बुडाला भोकं पाडलेल्या २०० लिटरच्या पिंपात पेटवायची, पांढरा धूर विरून निळसर झाला की झाकण घालून भोकं चिखलानं लिंपायची. गार व्हायच्या आत उघडलं की हवा लागून सगळी राख!

घोळ खळीचा. कोळसा कुटून त्याची भुकटी खळीनं बांधायची, मग कांड्या पाडायच्या. १० किलो भुकटीला अर्धा ते एक किलो कसाव्याचं पीठ (साबुदाण्याचा कंद रे) पाण्यात पारदर्शक होईतो शिजवायचं. मुठीत दाबलेला गोळा कमरेच्या उंचीवरून टाकला तर फुटायला नको. खळ कमी तर भुगा, जास्त तर धूर. तू शेण शेण करायचास. शेणानं राख वाढते, हे आता तरी कबूल कर.

पण पावसात कांड्या वाळत नाहीत. खळ ओली राहिली की दोन दिवसांत बुरशी, मग कांडी ठिसूळ. पोरांनी इलाज काय काढावा? चिकणमाती वाढवली! थोडी माती बरी, निखारा टिकतो. पण माती जळत नाही. ती वाढली की आंच पडते, राख साचून खालची हवा कोंडते आणि घेवडा अर्धा कच्चा असताना शेगडी विझते. रांधणारी बाई परत आपल्याकडून कांड्या घेईल? मी ओरडलो, तर म्हणाले, वजन छान भरतं. अगदी आपल्या मंग्यासारखं!

माझ्या मते जादा माती काढून वाळवण सुधारावं: जाळीच्या फळ्या, वर पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही तोंडं उघडी. बंद केलं की आत घाम धरतो. तुझ्या दाबयंत्राच्या साच्याला मध्ये भोक होतं ना? तशी कांडी लवकर वाळेल, पेटेलही लवकर. भोकाचं माप कळव, लगेच.

बदलीचं काय झालं? धाकटीची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या

ता. क. माप इंचात नको, मिलिमीटरमध्ये. मागच्या वेळचं विसरलो नाही.