फक्की पुसता येते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या विश्रामबाग भागात एका सार्वजनिक सभागृहासाठी परवा आखणीची पांढरी फक्की मारली. रेघ नेमकी तीन कडुनिंबांच्या बुंध्यांवरून गेली आहे. मी 31 वर्षे ओव्हरसियर होतो, त्यामुळे पुढचे पाठ आहे: एस्टिमेटात 'झाडे काढणे, नग 3' आणि उद्घाटनाला भाड्याच्या कुंड्या.

पुतणी आर्किटेक्चर शिकते. तिच्याकडे नॉर्वेचे वास्तुकार स्वेर्रे फेन यांच्या इमारतींचे फोटो पाहिले. व्हेनिसला प्रदर्शनासाठी स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या तिघांची मिळून एक इमारत त्यांनी 1962 साली पुरी केली. जागेवर मोठी झाडे होती. ती ठेवली, छतातून वर जाऊ दिली. एका झाडापाशी तर मुख्य बीमच दुभागून घेतला! छत म्हणजे 6 सेंटिमीटर जाड, मीटरभर उंच काँक्रीटच्या तुळया, दोन थर, एकावर एक उभे-आडवे. 6 सेंटिमीटर ऐकून आमचे सेंटरिंगवाले, म्हणजे काँक्रीटचे साचे बांधणारे, हसले असते. पण त्या उंचीमुळे ऊन आत उतरत नाही, उजेड तेवढा येतो. सांगलीच्या मे महिन्याला आणखी काय हवे? (आपल्या पावसाला ते छत तसेच्या तसे चालणार नाही, हे मीच सांगतो.)

नॉर्वेतल्या हामार गावी मध्ययुगीन गढीच्या अवशेषांवरच्या जुन्या कोठाराचे संग्रहालय करतानाही त्यांनी काँक्रीटची वाट अवशेषांच्या वरून उचलून नेली. भिंतींची भगदाडे लिंपून चौकोनी केली नाहीत. होती तशी ठेवून काच बसवली. या माणसाच्या हातून इमारती मोजक्याच झाल्या. कोपनहेगनच्या नाट्यगृहाची स्पर्धा जिंकली, पण ते उभेच राहिले नाही. वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला 1997 मध्ये, तेव्हा वय 72.

आता माझे सांगतो. 1988 साली शाळेच्या दोन खोल्यांसाठी मी एक चिंच पाडायला लावली. आखणी चार फूट सरकवली असती तर भागले असते. नकाशा वरून मंजूर होऊन आलेला, कोण बोलणार? तिथली पोरे आता जिन्यात बसून डबा खातात.

सभागृहाची अजून फक्कीच पडली आहे, खोदाई नाही. संबंधितांनी बोलावले तर टेप घेऊन सकाळी आठला हजर राहीन.

आपला,
एक निवृत्त ओव्हरसियर, विश्रामबाग, सांगली