देवघेव रजिस्टरं रद्दीत घालण्याआधी

महोदय,

परदेशी विद्यापीठांतून इथे येणाऱ्या अभ्यासकांविषयी आपल्या अंकात आलेलं पत्र वाचलं. आपल्या वाचकांचा, वर्तमानपत्रांचा, रेडिओ ऐकणाऱ्यांचा अभ्यास करायला ही मंडळी एवढ्या लांबून येतात ती उगीच नव्हे, त्यामागे कुणाचा तरी हात असणार, असा त्या पत्राचा सूर आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. अशा काही अभ्यासकांना मी स्वतः कपाटं उघडून दिली आहेत, म्हणून हे लिहिते.

शंका अगदीच वावगी नाही. मुंबईतून निघणारं ‘क्वेस्ट’ हे वैचारिक नियतकालिक ज्या ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’च्या गोतावळ्यातलं, त्या परदेशी संस्थेला सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संघटनेचा पैसा मिळत होता, हे १९६६-६७ मध्ये उघड झालं. पण उघड केलं कुणी? अमेरिकेतल्याच पत्रकारांनी. आणि पुढे त्याची पाळंमुळं खणून काढली ती याच जातकुळीच्या अभ्यासकांनी. यांतले बरेच जण अमेरिकी सरकारच्या ज्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर येतात, तिचा भारताशी करार १९५० सालचा. २००८ च्या नव्या करारानंतर आपलं सरकारही तिच्यात पैसे घालतं, म्हणून तिच्या नावात आता नेहरूही आहेत. जून २०२५ मध्ये या शिष्यवृत्तीच्या अमेरिकेतल्या मंडळावरच्या जवळजवळ सगळ्या सदस्यांनी राजीनामे दिले. आम्ही निवडलेल्या अभ्यासकांना सरकार परस्पर वगळतं, असा त्यांचा आक्षेप होता. हे अभ्यासक सरकारचे हस्तक असते, तर सरकारलाच ते नकोसे कशाला झाले असते?

मला लिहायचंय ते मात्र वेगळंच आहे. एका देशाच्या सरकारने दुसऱ्या देशाच्या सरकारला बाजूला ठेवून थेट तिथल्या माणसांशी बोलायचं, याला ‘पब्लिक डिप्लोमसी’ म्हणतात. एडमंड गलियन नावाच्या माजी राजदूतांनी १९६५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठाच्या फ्लेचर स्कूलमध्ये हे नाव रूढ केलं. नाव रूढ होण्याआधीच अशा मासिकांचे गठ्ठे आपल्याकडे टपालाने येत होते. अमेरिकी दूतावासाचं ‘स्पॅन’ १९६० पासून. सोव्हिएत दूतावासाचं ‘सोव्हिएत लँड’ तर मराठीतूनही यायचं, आणि त्याच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं ज्यांच्या वह्यांना होती, ते आज आपल्या वाचकांत पुष्कळ असतील. दोन महासत्ता आपल्यासाठी छापत होत्या आणि आपण त्यांचं निम्मं वाचून निम्म्याची कव्हरं घालत होतो.

पुण्यात मराठी शिकून आलेली एक अमेरिकन संशोधक आमच्याकडे आली, तेव्हा तिला अंक नकोच होते. तिने आधी दाखल नोंदवही मागितली. कुठला अंक ‘भेट’ म्हणून आला, कुठला वर्गणी भरून घेतला, हे रकाने तिने बोट ठेवून वाचले. मग म्हणाली, “ताई, देवघेवीची रजिस्टरं आहेत का?” जुने अंक आम्ही सभासदांना घरी देत असू, त्याच्या नोंदी त्यांत होत्या. त्यांत तिला सापडलं ते असं : एकच सभासद, एकाच दिवशी, ‘स्पॅन’ही नेतोय आणि ‘सोव्हिएत लँड’ही. असे सभासद भरपूर निघाले. एका अंकात सामूहिक शेतीवरच्या सुखी कुटुंबाचं रंगीत छायाचित्र होतं, आणि त्याच्या खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘हे खरं का?’ एरवी अंकावर लिहिणाऱ्या सभासदाला मी दंड केला असता. तिने मात्र त्या पेन्सिलीच्या तीन शब्दांचे फोटो सगळ्या बाजूंनी काढले.

का, ते तिनेच सांगितलं. पाठवणाऱ्यांचे कागद तिकडे सांभाळलेले आहेत. कुणी काय छापायचं ठरवलं, किती पैसे मंजूर झाले, हे फायलींत मिळतं. वाचणाऱ्याने त्याचं काय केलं, हे वॉशिंग्टनच्या फायलीत कुठून असणार? शिवाय १९४८ चा स्मिथ-मंट कायदा आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्या यांमुळे, परदेशी वाचकांसाठी सरकारने तयार केलेलं हे साहित्य खुद्द अमेरिकेत वाटायला बंदी होती. ती २०१३ मध्ये सैल झाली. म्हणजे अमेरिकेचं सरकार जगाला काय सांगतंय, ते तासगावच्या मास्तरांना घरबसल्या वाचायला मिळत होतं आणि अमेरिकेतल्या मास्तरांना नाही!

मराठी पुस्तकं आणि मासिकं निदान तिकडे तरी जपली गेली आहेत. अमेरिकेच्या गव्हाचे, ज्याला आपण तिकडच्या धान्य-मदतीच्या कायद्यावरून ‘पीएल ४८०’ म्हणून नावं ठेवत खाल्लं, पैसे भारताने रुपयांत चुकते केले. त्या रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतली प्रकाशनं विकत घेऊन तिथल्या विद्यापीठांना पाठवली. इकडे न मिळणारी मराठी मासिकं शोधायला शिकागोच्या रेगेनस्टाइन ग्रंथालयाची दारं ठोठवावी लागतात, ती त्यामुळे. पण आमची देवघेव रजिस्टरं कुणी विकत घेऊन शिकागोला नेली नव्हती.

मी निवृत्त झाल्यावर त्या वाचनालयात स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका झाली. झाली ते चांगलंच झालं, मुलांना बसायला जागा हवीच होती. जागा करताना जुन्या अंकांचं निर्लेखन झालं, म्हणजे ते संग्रहातून कमी केले. त्यांचा रीतसर ठराव झाला, यादी झाली. रजिस्टरं मात्र ग्रंथसंग्रहात मोडत नसल्यामुळे ती कुठल्याच यादीत नव्हती. ती थेट रद्दीवाल्याच्या काट्यावर गेली. मला कळलं तोवर टेम्पो निघून गेला होता. कार्यवाहांना विचारलं, तर ते म्हणाले, “बाई, पुस्तकं ठेवलीत की सगळी.” त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. तपासणीला येणारा अधिकारी पुस्तकं मोजतो. कोण काय वाचत होतं, याला अनुदान नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. राज्यातल्या शासनमान्य ग्रंथालयांनी निर्लेखनाच्या यादीत देवघेव आणि दाखल नोंदींची जुनी रजिस्टरंही लिहावीत, आणि १९९० पूर्वीची रजिस्टरं जिल्हा ग्रंथालयाने मागून घ्यावीत. सभासदांची नावं झाकायची असतील तर झाकावीत, क्रमांक पुरतात. विद्यापीठांच्या राज्यशास्त्र आणि वृत्तपत्रविद्या विभागांनी एम.ए.च्या मुलांना एकेका तालुक्याला पाठवावं, एसटीचं भाडं द्यावं. परदेशातून कुणी येईल तेव्हा येईल. पत्रलेखकांना त्यांचा संशय असेल, तर हा अभ्यास आपल्याच मुलांनी आधी करून टाकण्यासारखा दुसरा उपाय मला तरी दिसत नाही.

आणि ज्यांच्या माळ्यावर अजून ते गुळगुळीत अंक पडून असतील, त्यांनी ते कुणाच्या नावाने येत होते आणि घरात कोण वाचायचं, एवढं एका चिठ्ठीवर लिहून गठ्ठ्यात ठेवावं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, शाई फुटते.

– एक निवृत्त ग्रंथपाल, सांगली